सरूवहिनीचं वाकडं घड्याळ

चैत्रातल्या दुपारी आष्ट्याचं शिवार उन्हानं निपचित पडायचं, तेव्हा आमच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवर पितळेची एक चकती इकडून तिकडं झुलत असायची, आणि कौलांतून आलेलं ऊन तिच्यावरून उडून, खाली सूप घेऊन बसलेल्या सरूवहिनीच्या कपाळावर येरझारा घालायचं. वहिनी आठवली की आजही आधी तो कवडसा दिसतो. चेहरा मागून येतो.

घड्याळ माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सांगलीच्या पेठेतून आणलेलं. ते भिंतीला टांगून तो पलटणीबरोबर लढाईवर गेला, आणि किल्ली वहिनीच्या हाती आली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं; मी तरी कुठं फारसं पाहिलं. पण वडूजकडच्या माहेरी पंचमीचे झोके तिनं मनमुराद घेतले होते, आणि लंबकाची सारी विद्या तिला त्या झोक्यात सापडली. लांब दोराचा झोका रमतगमत येतो, आखूड दोराचा लगबगीनं. रेटा थोडा कमीजास्त झाला म्हणून त्याची लय मोडत नाही. उन्हाळ्यात दांडी तापून किंचित लांबायची, घड्याळ मागं रेंगाळायचं. मग लंबकाखालची बारीक चाकी फिरवून ती चकती केसभर वर घ्यायची, लेकरू कडेवर सावरून घ्यावं तशी.

पण ते टांगलेलं होतं वाकडं. पेटीतच खोट होती की काय, देव जाणे. सरळ केलं की ठोका लंगडायचा, एक लांब, एक आखूड, आणि हळूहळू लंबक थांबायचा. वहिनीनं कान लावून, पेटी तसूतसूनं कलती करत दोन्ही ठोके सारखे केले होते. येणाराजाणारा मात्र हात पुढं करायचाच. एकदा आमच्या वडलांनी, आबांनी, ते सरळ केलं, आणि दिवेलागणीला घर मुकं झालं.

वहिनी दाराआडून म्हणाली, "मामंजी, त्येला वाकडंच सुखाचं हाय. पुन्यांदा हात लावू नगा. तिकडं त्येंचं पाऊल चालतंय, तवर हे चालाय पायजे."

आबा घड्याळापासून बाजूला सरले. "बरं बाई. तुजं घड्याळ, तुजा न्हवरा."

लढाई सरली. दादा आला तो काठी टेकत, एक पाय आखूड होऊन. वहिनीनं त्याला पाहण्याआधी अंगणातली चाल ऐकली: एक पाऊल लांब, एक आखूड. गाव हळहळलं. ती मान कलती करून ऐकत राहिली, घड्याळापाशी ऐकायची तशी. सकाळी त्याची एक वहाण घेऊन चांभाराकडं गेली, तळाला चामड्याचे पदर चढवून आणले, आणि दादाला अंगणात चालायला लावून स्वतः उंबऱ्यावर डोळे मिटून बसली.

"आगं, पलटणीत बी येवडी कवायत न्हवती," दादा कुरकुरला.

"चाला गुमान." मग पुन्हा चांभार, पुन्हा एक पदर. शेवटी डोळे न उघडताच म्हणाली, "आता बराबर वाजतंय."

दोघं गेली, त्याला पुष्कळ पावसाळे झाले. घड्याळ माझ्या भिंतीवर आहे. नातसून धूळ पुसताना ते सरळ करते. मी उठून पुन्हा कलतं करतो, ती हसते, हसू दे. काळ सर्वांचा सारखाच चालतो म्हणतात. मला तर वाटतं, कुणीतरी कान लावून तो सारखा केलेला असतो, आणि तो कान मातीत मिसळला तरी ठोका त्याच्याच मापानं पडत राहतो.