माईच्या गळ्यातली आई

"हिला तोंडच उरलं न्हाय, बाई," आबाजी सोनार म्हणाले आणि त्यांनी टाक दाराच्या उजेडाला धरला. "नाक गेलं, डोळं गेलं. आता कडी कशाला डकवू? पत्रा पार पातळ झालाय. आटवून नवाच करावा लागंल."

माईनं माझं मनगट आणखी घट्ट धरलं. अठ्ठावीस वर्षांचा मी, साखर कारखान्यातला फिटर, घरी बायको, आणि बारामतीच्या सोनारआळीत माईनं हात धरून बसवलेला! समोरच्या दुकानातला गडी माझ्याकडं बघून खुशाल हसत होता.

पण माईचं भय खरं होतं. माझी जन्मदाती आई, भिमा, मी वर्षाचा असताना तापानं गेली. माझ्या वडलांनी, तात्यांनी, पुढच्या वैशाखात दुसरं लग्न केलं. मेलेल्या सवतीचा टाक करून नव्या नवरीच्या गळ्यात बांधायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. तसा तो मांडवातच माईच्या गळ्यात आला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक उभी बाई. तो अंगावर असेतो सवत शांत असते. उतरला की रुसते आणि आपलं मूल आपल्याकडं बोलावून घेते, असं बाया मानतात. सव्वीस वर्षांत माईनं तो न्हातानासुद्धा काढला नव्हता. काल कांदा काढताना कडी तुटली आणि टाक वाफ्यात पडला. माई तशीच मातीच्या हातांनी भवानीनगरला आली, कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि निरोप धाडून मला बाहेर बोलावलं.

"उद्या दिवस मावळायच्या आत टाक गळ्यात आला पायजे. तवर तू मशिनीजवळ जायाचं न्हाय," ती म्हणाली.

मी काही फार देवभोळा माणूस नाही. पण माईशी वाद घालायची माझी छाती नाही. मी रजा टाकली.

माझी आई मला आठवते ती एवढीच, नखाएवढी. माईच्या मांडीवर पडलं की टाक माझ्या तोंडावर झुलायचा आणि मी तो अंगठ्यानं चोळत चोळत झोपी जायचो. पुष्कळ दिवस माझी समजूत होती, की सगळ्यांच्याच आया गळ्यात असतात. शेजारच्या सोपानची आई त्याच्या मागं ओरडत हिंडायची, तेव्हा मला त्याची कीव यायची. बिचाऱ्याची आई गळ्यातून सुटली असेल, असं वाटायचं.

ही तुझी आई आणि मी माई, असं माईनंच मला शिकवलं. आईच्या गोष्टीही तिनंच सांगितल्या. दुपारी कामं उरकली, की लिंबाखाली पाय पसरून ती सांगत बसायची. तुझ्या आईला दुधाची खरवड लई आवडायची. ढग गडगडला, की कानात बोटं घालून कणगीमागं बसायची. कांद्याची रोपं लावताना गुणगुणायची, कुणी जवळ आलं की गप. ऐकता ऐकता लिंबाचा पाला हलायचा, पाटाचं पाणी कुठंतरी वाजत राहायचं, आणि त्या गोष्टींतून माझी एक आई तयार व्हायची. गोरटेली, लाजरी, दुधाच्या वासाची. परीक्षेच्या दिवशी माई टाक माझ्या कपाळाला लावायची तेव्हा आईचाच हात लागल्यासारखा वाटायचा. शाळेच्या वाटेवर, उसाच्या कडेकडेनं, ती माझ्या मागून चालत यायची. मी वळून बघायचो नाही, कारण ती लाजली असती. ते दिवस मी जागेपणी काढले की झोपेत, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"माझ्याकडं साचा हाय," आबाजी म्हणाले. "सगळ्या बाया त्यातच काढतो. तासाभराचं काम."

"आक्का सगळ्या बायांसारखी कशी आसंल?" माई म्हणाली. माझ्या आईला ती आक्काच म्हणायची, थोरल्या बहिणीसारखी.

"मग सांगा कशी हुती ती. नाकीडोळी तशी ठोकतो."

"मी कुठं बघितलीया?" माई हळूच म्हणाली.

मी दचकलो. खरंच की, माई आमच्या घरात आली ती आई गेल्यावर. एवढी साधी गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. तात्यांनी सांगितलं असेल म्हणावं, तर तात्या बोलतात कुठं? माईनं त्यांना एकदा विचारलं होतं, तेव्हा "बाईसारखी बाई हुती," म्हणून ते मोटेवर निघून गेले होते.

माईनं टाक पदराच्या गाठीत बांधला. "सांगवीला तिची भन हाय, प्रयागबाई. इचारून येतो. तुमी भट्टी पेटती ठेवा."

एसटीत तिनं मला आतल्या बाजूला बसवलं. सांगवीला उतरून मळ्यात गेलो, तर प्रयागमावशी खोपटासमोर बाजारासाठी वांगी निवडत बसली होती. साठीची बाई. तिनं आमचं ऐकून घेतलं, हातातलं किडकं वांगं लांब भिरकावलं आणि मोठ्यानं हसली.

"भिमी? काळी कुळकुळीत हुती. उंच, पुरुषावानी. हनवटी अशी वर धरून चालायची, जशी पाटीलकी तिच्याकडंच हाय."

"तिला खरवड आवडायची ना?" मी विचारलं.

"खरवड? आरं, दुधाच्या वासानं मळमळायचं तिला. चहाबी कोरा प्यायची."

"आणि ढगाला भ्यायची..."

"कोण, भिमी? गडी समदे खोपटात दडून बसलेलं, आन् हिनं भर वादळात बैलं सोडून घरी आणली. गाणं म्हणशील, तर गळा फुटक्या घागरीसारखा. भांडाय लागली की नदीपल्याड ऐकू जायाचं." हसता हसता मावशीचे डोळे भरले. ते तिनं मनगटानं पुसले. "पर तुला भुईवर ठेवायची न्हाय बघ. भुईला मुंग्या असत्यात म्हणायची. ताप चढला तरी तुला कडंवरनं उतरवलं न्हाय. तात्यानं हातातनं वढून घेतलं तुला."

मी माईकडं पाहिलं. ती मान खाली घालून काडीनं माती उकरत होती. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरात पातेल्याच्या तळाची खरवड सगळ्यांच्या मागून कोण खातं? ढग वाजला की कणगीमागं कोण जाऊन बसतं? वाफ्यात गुणगुणणारी, माझी चाहूल लागली की गप्प होणारी बाई मी किती वेळा पाहिली होती! माईनं आपलं होतं नव्हतं ते सगळं उचलून त्या मेलेल्या बाईला देऊन टाकलं होतं. स्वतःला म्हणून तिनं काही ठेवलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि मावशीसमोर रडायची लाज वाटली म्हणून मी वांगी निवडू लागलो.

परतीच्या एसटीत सांगवी दिसेनाशी झाल्यावर माई बोलली.

"खोटं बोलले मी तुझ्यासंगं. तू सारखा इचारायचास, आई कशी हुती, आई कशी हुती. मला कुठं ठावं हुतं? ल्हान पोराला न्हाय ठावं म्हणून कसं सांगू? जे जवळ हुतं, ते सांगितलं."

"माई, असू दे."

"असू दे कसं? आक्काला राग आला आसंल. तिचं तोंड पुसून मी माझं लावलं. म्हणूनच कडी तुटली."

खिडकीबाहेर ऊस सळसळत मागं जात होता, आणि त्याच्या कडेनं एक उंच, काळी बाई हनुवटी वर करून चाललेली मला दिसत होती. तिच्या कडेवर मी होतो. हे मला आठवणं शक्यच नव्हतं, पण दिसत होतं खरं.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती.

"आणला का चेहरा?" आबाजींनी विचारलं.

"काळी हुती. उंच," माई म्हणाली.

"आता चांदीत काळी कशी दावू, बाई?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हिच्याकडं बघून करा."

माईनं माझ्या पाठीत एक धपका घातला. "शाना हायस! जित्या बाईचा टाक करत्यात व्हय?" मग ती आबाजींकडं वळली. "तुमच्या साच्यातलाच काढा. पर डोळं तेवढं हातानं कोरा. चांगलं मोठं, उघडं. पोरगं चोळायचं, आन् मी चोळू द्यायचे. झिजून झिजून आंधळी झाली ती. किती वर्सं तिला आपलं पोर दिसलं नसंल."

आबाजींनी जुना टाक मुशीत टाकला. माझी नखाएवढी आई आधी लाल झाली, मग पाण्याच्या थेंबासारखी गोल झाली. माई हात जोडून बसली होती. पत्रा ठोकून झाला, साच्यातली बाई उमटली, आणि मग आबाजींनी बारीक टोचणी घेऊन, श्वास धरून, एक डोळा कोरला. मग दुसरा. कडी बसवून, काळा दोरा ओवून त्यांनी टाक माझ्या हातात दिला.

माईच्या मागं जाऊन मी तो बांधणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब."

तिनं टाक माझ्याकडून घेतला, दोन बोटांत धरला आणि माझ्या बाजूला फिरवला.

"आक्का, बघ गं," ती म्हणाली. "ह्यो जयवंता."

मी समोर येऊन उभा राहिलो, टोपी नीट केली आणि तिला दिसेल असा उजेडात सरकलो.