दोनशे चौदा की दोनशे अकरा

नऊ वर्षं हर्षलाने जे हाताने लिहिलं होतं, ते आता चौकोन आणि बाणांत मांडून झालं होतं.

खालापुरातल्या त्या छोट्या कंपनीचं काम एवढंच: नेत्रशिबिरांच्या याद्या साफ करायच्या आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कुणाला बोलवायचं, ती नावं रुग्णालयाला कळवायची. आजवर हे तिच्या प्रोग्रामने व्हायचं. तो तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही, ही मालकाची, म्हणजे किशोरदादाची, जुनी तक्रार. म्हणून नवं साधन आलं. पडद्यावर चौकोन ओढून आणायचा, बाणाने पुढच्याला जोडायचा. कुठला चौकोन काय करतो, ते त्याच्यावरच लिहिलेलं.

आज दोन्हींतून एकच यादी काढायची होती. आकडे जुळले की हर्षलाने सही करायची आणि जुना प्रोग्राम कायमचा बंद. पाच वाजता यादी रुग्णालयात जाणार होती.

जुन्याने २१४ माणसं दिली, नव्याने २११.

"तीन डबल नावं होती, ती नव्याने पकडली," किशोरदादा खूश होऊन म्हणाला. "बघ, तुझ्यापेक्षा हुशार निघालं."

"कुठली तीन?"

तिने शोधली. डोंगराखालच्या वरच्या वाडीतली. भागी हिलम, जन्म एक जानेवारी १९५८, आणि फोन नंबर. हीच ओळ चार वेळा. नव्या साधनाने चारांची एक केली होती. नाव, जन्मतारीख आणि फोन सारखा असेल तर माणूस एकच, असा त्या चौकोनाचा नियम. तिच्या प्रोग्रामचाही नियम तोच होता. मग त्याने चार का ठेवल्या?

तिने जुना प्रोग्राम उघडला. दोनशेव्या ओळीच्या आसपास तिनेच लिहिलं होतं: गाव वरची वाडी असेल, तर नावं गाळू नकोस. वर-खाली खुलासा नाही. तारीख सहा वर्षांपूर्वीची. आपण हे का लिहिलं, तिला काही केल्या आठवेना.

"चूकच असेल गं," किशोरदादा म्हणाला. "एका वाडीसाठी वेगळा कायदा? सही कर, विषय संपव."

तिने पेन उचललं, परत ठेवलं. आपल्याच अक्षरावर विश्वास ठेवायचा की चौकोनावर, हे कळत नव्हतं. त्या नंबरवर फोन लावला, लागला नाही. घड्याळात पावणेदोन झाले होते. तिने स्कूटर काढली.

वाडीत फोनवाला सापडला तो रोहिदास. रेंज येते ती चिंचेखालच्या दगडावर, आणि एरवी दिवसभर तो वीटभट्टीवर, फोन खिशातच; आज भट्टीला सुट्टी होती. शिबिरात सगळी वाडी त्याचाच नंबर सांगते.

"मॅडम, तुमी परत?" तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

"विसरलात काय? सहा वरसांमागं आलता ना. माझी आय नि माझी चुलती, दोघी भागी. तुमच्या मशीननं एकच केली. दवाखान्याची गाडी आली, एकीलाच बशीवली. आय वरीसभर आंधळी बसली. तवा तुमी येऊन सांगितलं, आता असं व्हनार नाय."

हर्षलाला तोंड कुठे लपवावं कळेना. आठवलं ते इतकंच: एक आंधळी बाई अंगणात तांदूळ निवडत होती, बोटांनी.

"आणि जन्मतारीख? सगळ्यांची एकच कशी?"

"शाळंत गेला त्याची एक जून, नाय गेला त्याची एक जानेवारी, नि साल अंदाजानं सारखंच," रोहिदास हसला. "तुमची कंची?"

"एक जून," हर्षला म्हणाली. तिच्या भिवपुरीच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला तीच दिली होती.

"मग चार भागी आहेत ना इथे?" तिने विचारलं.

"चार? तीनच हायत."

त्याने हाका मारून तिघींना गोळा केलं. शुक्राची भागी म्हणजे त्याची आई, धाऊची भागी म्हणजे चुलती, आणि ओढ्यावरची भागी. हर्षलाने पुन्हा मोजल्या. तीनच.

"मग शिबिरात चौथ्यांदा नाव कुणी दिलं?"

धाऊच्या भागीने पदर तोंडाशी नेला. "माजीच गं बाय. डाक्टर एकच डोळा बघतोय असं वाटलं. म्हनून दुसऱ्या डोळ्यासाठी परत लायनीत हुभी ऱ्हायले."

"म्हातारे, दोन डोळ्यांच्या दोन भागी झाल्या ना!" ओढ्यावरची भागी ओरडली, आणि तिघी खो खो हसत सुटल्या.

हर्षलाही हसली, मग मनात आकडे मांडले. २१४ चूक. २११ही चूक.

ती साडेचारला परतली.

"काय ठरलं? चौदा की अकरा?" किशोरदादाने विचारलं.

"तेरा."

"हे आणि कुठून काढलंस?"

तिने डबल नावं गाळणारा चौकोन काढून टाकला. त्या जागी दुसरा आणला: सारख्या ओळी गाळायच्या नाहीत, बाजूला थांबवायच्या. त्याचं नाव लिहिलं, 'विचारा'. कोण विचारणार, ती जागा रिकामी ठेवली तर चौकोन लाल व्हायचा. तिने स्वतःचं नाव घातलं आणि यादी पुन्हा सोडली.

चार ओळी थांबतील, असा तिचा हिशेब होता. थांबल्या एकतीस.

चार वरच्या वाडीच्या. उरलेल्या सत्तावीस दुसऱ्या वाड्यांच्या; त्यांच्यासाठी तिने कधी वेगळी ओळ लिहिलीच नव्हती. तशा ओळी तिचा प्रोग्राम नऊ वर्षं गाळत आला होता, आणि नवं साधनही गाळत होतं. दोघांचं तिथे तंतोतंत जुळत होतं, म्हणून कुणी बघितलंच नव्हतं.

किशोरदादा पडद्याकडे बघत राहिला. "हे सगळे खरे असतील?"

"माहीत नाही. काही असतील."

"पाचला यादी जायचीय, हर्षला."

"ज्या ओळी थांबल्या नाहीत, त्या जाऊ देत. यांची उद्या पाठवू. सही आज नाही, दादा."

 तो खुर्ची ओढून बसला आणि रुग्णालयाला फोन लावायला घेतला.

हर्षलाने पहिल्या ओळीवरचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. शेवटी एका बाईने उचलला.

"गौराबाई पवार आहेत का?"

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, कुणाला तरी हाक. मग ती बाई म्हणाली, "कंची गौराबाई?"

हर्षलाने कोरा कागद पुढे ओढला.

"किती आहेत?" तिने विचारलं.