अंधारात गरीब, उजेडात जहाल

मी कर्करोगावरचं औषध बोलतोय. माझ्यासारखी गुणी औषधं थोडी, आणि ती वापरायची अक्कल असलेली माणसं त्याहून थोडी.

काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत मी वाढलो. अंधारात मी अगदी गरीब. पण अंगावर उजेड पडला, की शेजारच्या ऑक्सिजनला असा चिथावतो की तो चवताळून जवळच्या पेशी मारून टाकतो. चांगली पेशी, वाईट पेशी असा भेद त्याला कळत नाही. उजेड कुठे पाडायचा, हे माणसांनी बघायचं. आणि तिथेच सगळा आनंद आहे!

मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या शिरेत सोडलं. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती. पाण्याशिवाय काही उतरत नव्हतं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी घशातून नळी घालून गाठीवर लाल प्रकाश टाकला. मी काम चोख केलं. पुढे महिनाभर माझा मुक्काम त्यांच्या कातडीत. घरी सोडताना डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "ऊन टाळा." झालं यांचं समजावणं!

सर्वज्ञ जावईबापूंनी महागडं क्रीम आणलं. "हे लावा, आई. उन्हाची काय बिशाद!" अहो शहाणे, ते क्रीम अडवतं ते किरण वेगळे. मला डोळ्यांना दिसणारा साधा उजेड पुरतो.

बाई तरी काय कमी? नातीचा झगा शिवायला काढला. दिव्याखाली धाग्याचा रंग फसवतो, म्हणून कापड आणि रिळं घेऊन बसल्या खिडकीशी, काचेतून आलेल्या उन्हात. दुपारपर्यंत दोन्ही हात टरारून सुजले, फोड आले.

"मी कुठे उन्हात गेले? घरातच तर होते!"

लेक रडायला लागली. "आई, विष घातलं गं तुझ्या अंगात!" जावईबापू डॉक्टरांना कोर्टात खेचायला निघाले. गाठीचं काय झालं, हे विचारायचं कोणाला सुचेना.

बाई खिडकीशी खुर्चीतच बसून फोड निरखत होत्या. मग म्हणाल्या, "रडतेस काय? काचेआडच्या उन्हाने माझी ही गत झाली. त्या मेल्या गाठीवर तर सरळ दिवाच धरला होता. ती काय वाचते! जा, मऊ भात आण. आणि तूच भरव, माझे हात चालत नाहीत."

लेकीने घास भरवला. मीसुद्धा धास्तावलो होतो, खोटं कशाला बोलू? बाईंनी डोळे मिटून गिळला. घास उतरला.

आता सगळे हसतायत, रडतायत, एकमेकांच्या गळ्यात पडतायत. पडा. पण मी अजून कातडीत आहे आणि बाई अजून उन्हात. अरे, कोणीतरी आधी तो पडदा ओढा!