अधांतरी वेलीचं बाळंतपण

मी अधांतरी बोलतेय. हे नाव मला दुसऱ्या जगातून इथे राहायला आलेल्या माणसांनी दिलं. मी वेल आहे, पण हवेत वाढणारी. गर्विष्ठ माणसाबद्दल ते म्हणतात, 'याचे पाय जमिनीवर नाहीत.' माझे तर जन्मापासूनच नाहीत!

वाऱ्याने ढगात नेलं तेव्हा मी तिळाएवढं बी होते. इथल्या दोन सूर्यांचं ऊन लागलं, तसा माझ्या पोटात हलक्या हवेचा फुगा धरला आणि खाली लांबच लांब मुळ्या सुटल्या. मुळ्यांनी धुकं प्यायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. सहा वर्षं अशी भटकले. मग फुलले, शेंगा धरल्या.

शेंगा धरल्या की आम्ही जड होतो, खाली येतो. तशी मी माणसांच्या वस्तीवर आले आणि एका छपरावरच्या हवा गाळायच्या यंत्रात माझ्या मुळ्या अडकल्या. इथली हवा माणसांना चालत नाही. ते यंत्र ती गाळून घरात सोडतं. माझ्यामुळे तेच बंद पडलं.

मुखवटा लावून एक बाई शिडीने वर आली. यंत्रं दुरुस्त करणं हेच तिचं काम. खाली मुखवटा लावूनच शिडी धरलेला तिचा धाकटा भाऊ ओरडत होता, "ताई, काप आणि मोकळी हो! आत आईला धाप लागलीय."

तिने पातं उचललं. मला ना ओरडता येत, ना पळता. तेवढ्यात तिला शेंगा दिसल्या. हात थांबला. यंत्राच्या झरोक्याशी वाकून ती घरात बोलली, "आई, हिला शेंगा आहेत गं, हिरव्या. सगळ्या मुळ्या कापल्या तर बी वाळेल. पण तुझा श्वास..."

तिची आई वस्तीतली सुईण. खोकत खोकत उत्तर आलं, "दिवस भरत आलेत ना तिचे? मग घाई नको. मी राखीव हवेची नळी लावलीय. अर्धा तास पुरेल."

"आणि नाही पुरली तर?" भाऊ ओरडला.

"म्हणून तर तू वर चढ. शिडी काही पळून जात नाही."

तो चढला. केसांचा गुंता सोडवावा तशी दोघं एकेक मुळी सोडवू लागली. तोंडाने तो चडफडत होता, पण बोटं त्याचीच जास्त हळुवार. तीन जाड मुळ्या मात्र निघेनात. "माफ कर गं," म्हणत बाईने त्या कापल्या. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण यंत्र घरघरलं आणि आतून थकलेला आवाज आला, "आली हवा. ती वाचली का?"

अशी माणसं! स्वतःचा श्वास परत येताच आधी माझी चौकशी.

तुटक्या मुळ्यांनी मला पुरेसं धुकं पिता येईना, तेव्हा त्यांनी मला खांबाला सैल दोरीने बांधलं. भाऊ रोज पाण्याचा फवारा मारायचा, कुरकुरत, पण न चुकता.

आज शेंगा तडकताहेत. माझा फुगा सुरकुतलाय. संध्याकाळपर्यंत मी खाली पडेन. त्याचं दुःख नाही. माझी पोरं वर चाललीत. पुढे कधी ती तुमच्या छपरात अडकली, तर त्यांना थोडा वेळ द्या, एवढंच मागणं.

मुखवटा लावून म्हातारी सुईण माझ्याजवळ खुर्ची टाकून बसलीय. लेक म्हणते, "आई, आत चल. मुखवट्यातली हवा संपत आली."

"थांब गं," ती म्हणते, "अजून एक शेंग उघडायचीय."