अडीच आटे ढिली क्लिप

हरिसिंगची जीप माझ्या गॅरेजसमोर थांबली तेव्हा तिच्यामागे चौदा बैल होते. तांड्यापासून पुसदपर्यंत सहा किलोमीटर ते तिच्यामागे चालत आले होते आणि आता रांगेत उभे राहून माझा फलक बघत होते.

"यज्ञेश्वरभाऊ, काही करा ना जी," हरिसिंग म्हणाला. "घाटात दम सोडते, काळा धूर ओकते, अन् शिटी मारली का हे मागं लागतात. काल सासुरवाडीले गेलतो, तं थ्याइले घेऊनच. सासऱ्यानं मले चहा देला अन् याइले कडबा."

इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मीच बसवला होता, म्हणून जास्त झोंबलं. आमच्या घराण्यात चार पिढ्या तहसिलीत शाईने हात काळे करणारे. ग्रीसने करणारा मी पहिला. हरिसिंगला ट्रकचाच टर्बो हवा होता. मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, की एवढ्याशा इंजिनाला तो थोरला टर्बो उशिरा जागा होईल आणि घाट संपल्यावर जोर देईल. मग कुठे मधल्या मापावर तो तयार झाला होता.

साबणाचं पाणी शिंपडलं, तर रबरी पाइपाच्या तोंडाशी फेस आला. पाइप आवळून धरणारी क्लिप ढिली होती. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जायच्या ऐवजी तिथून निसटत होती. शिटी तिचीच, धूर तिच्यामुळे आणि घाटातला दमही तिच्यामुळेच गेलेला. मी क्लिप आवळली. जीप मुकाट्याने निघून गेली आणि बैल हिरमुसून माझ्या दारात बसले. त्यांना हाकत न्यायला हरिसिंगच्या बायकोला, मानीबाईला, तांड्यावरून पायी यावं लागलं.

या बैलांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हरिसिंगचा बाप किसनसिंग तीस वर्षं साऱ्या तांड्याचे बैल चारत होता. संध्याकाळी दोन बोटं तोंडात घालून एक शिटी मारली, की चौदाच्या चौदा टेकडीवरून खाली यायचे. यंदा उन्हाळ्यात त्याचे पुढचे दात पडले आणि शिटी गेली. कवळी लावून मारली, तर शिटीच्या आधी कवळीच बैलांकडे गेली. आता बैल लोकांच्या तुरीत शिरू लागले. तेव्हा नसाबने, म्हणजे तांड्याच्या पंचायतीने, त्याला बजावलं होतं: पोळ्यापर्यंत बैल बोलावून दाखव, नाहीतर राखण दुसऱ्याकडे जाईल. पोळा आठ दिवसांवर होता.

दोन दिवसांनी जीप परत आली. बैलांसकट. क्लिप ढिली. मी पाइपच बदलला. पुन्हा दोन दिवसांनी तेच. आता शेजारचा पानठेलेवाला बैलांना नावाने ओळखू लागला होता. मला माझ्या हाताची शरम वाटायला लागली. मी तिसऱ्यांदा क्लिप आवळली आणि तिच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जीप आली तेव्हा रेघ तुटलेली होती. क्लिप आपोआप ढिली होत नव्हती, कुणीतरी पेचकस फिरवत होतं. माझं डोकंच फिरलं. क्लिप आवळून मी जीपमध्ये बसलो, तडक तांड्यावर गेलो आणि हरिसिंगच्या घरात दाराआड उभा राहिलो.

चहा होण्याच्या आत किसनसिंग आला. इकडे तिकडे पाहून त्याने बॉनेट उघडलं आणि धोतराच्या घडीतून पेचकस काढला.

"बाबा, काहून करून राह्यले हे?" मी ओरडलो.

म्हातारा दचकला, पण पेचकस सोडला नाही. "दोन आटे ढिली केली तं नुसती फुसफुस करते. तीन केली तं म्हशीवानी हंबरते. अडीचवर माही शिटी लागते, बापा." आणि तो रडायला लागला.

हरिसिंग एवढा बोंबलला की नसाब तिथेच जीपभोवती बसली. तांड्याचा प्रमुख, नायक नेमसिंग, याने माझी साक्ष घेतली, पेचकस पाहिला, तुटलेली रेघ बोट लावून पाहिली. मग शांतपणे निकाल दिला.

"बैल शिटीले येतात. शिटी गाडी मारते. मंग राखण गाडीले द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. राखणदाराला रोज घरटी एक भाकर मिळते, ती आता टाकीत टाकायची की बॉनेटवर ठेवायची, यावर दोघांत वादही पेटला.

किसनसिंग उभा राहिला. "नायक, एक डाव मले तिच्यात बसून जाऊ द्या. मंग द्या कोणाले द्याची थे."

नायकाने मान हलवली, म्हाताऱ्याने क्लिप अडीच आटे ढिली केली आणि टेकडीच्या पायथ्याशी हरिसिंगने जीप चढाला घातली. बाजूच्या सीटवर किसनसिंग, मागे मी आणि नायक. शिटी वाजली. त्याच क्षणी म्हाताऱ्याने दोन बोटं तोंडात घातली आणि गाल फुगवले. त्याच्या तोंडातून नुसता वारा येत होता. बैल झाडीतून बाहेर पडले आणि धावत खाली आले.

"बंद कर आता," नायक म्हणाला. हरिसिंगने इंजिन बंद केलं.

म्होरक्या बैलाने बॉनेट हुंगलं, धुराने शिंकला आणि वळसा घालून बाजूच्या दाराशी आला. खिडकीतून मान आत घालून त्याने हनुवटी किसनसिंगच्या मांडीवर टेकवली. मागचे तेरा त्या दाराशीच दाटले. इंजिनाकडे एकही गेला नाही. म्हाताऱ्याची बोटं अजून तोंडातच होती.

नेमसिंगने खाली उतरून म्होरक्याच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "राखण किसनसिंगचीच. गाडी म्हंजे त्याचे दात होत." आणि माझ्याकडे वळला. "अन् तुमी दाताचे डॉक्टर. पुन्हा क्लिप आवळाची नाई."

पोळ्याच्या सकाळी मी तांड्यावर जाऊन क्लिप अडीच आटे ढिली ठेवली आणि स्क्रूवर नवी पांढरी रेघ ओढली. हरिसिंग घाटात धूर ओकत चढतो आणि चारचौघांत माझ्या नावाने शिव्या घालतो. घालू दे. रोज संध्याकाळी टेकडीखाली जीप शिटी मारते, म्हातारा दोन बोटं तोंडात घालतो आणि बैल खाली येतात. इतकी वाईट दुरुस्ती मी दुसरी केलेली नाही, आणि ती कुणी सुधारलेली मला चालणार नाही.