कमानीखालचा रविवार

गवंड्याच्या मुलीचं पत्र अकरा वर्षं माझ्या खणात पडून होतं. "मास्तरकाका, बाबा अंथरुणाला खिळलेत. त्या रविवारी त्यांना कामावर कोणी बोलावलं, असं विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. चर्चच्या मंडळीचं दप्तर तुमच्याकडे असतं. नाव कळवाल?"

दप्तरात नाव नव्हतं. दप्तर मीच लिहिलं होतं.

आमची प्रेस्बिटेरियन मंडळी तेव्हा विणकराच्या शेडमध्ये जमायची. शेजारीच चर्चचं बांधकाम चाललं होतं. त्या रविवारी मी उपासनेला लवकर निघालो, तर दाराच्या अर्धवट कमानीखालचा लाकडी साचा घसरलेला; कमान कधीही कोसळली असती. धावत गवंड्याचं घर गाठलं.

"मास्तर, आज विसाव्याचा दिवस. वडीलमंडळ माझी सालटी काढेल."

"मी सांगेन त्यांना."

"तुम्ही? हजेरी घेताना घाम फुटतो तुम्हाला!" हसत त्याने हातोडा उचलला आणि तासाभरात पाचरी ठोकून साचा सावरला. ते ठोके उपासनेत सगळ्यांनी ऐकले.

बुधवारी मंडळी चालवणाऱ्या सहा वडीलजनांची बैठक बसली. मी चिटणीस.

"कोणी बोलावलं?"

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी दौतीत टाक बुडवला. तो म्हणाला, "मीच गेलो."

प्रभुभोजनाला बसायचा शिशाचा बिल्ला त्याच्याकडून काढून घेतला. 'रविवार मोडल्याबद्दल', मी लिहिलं. पश्चात्ताप सांगितला असता तर तो परत मिळाला असता. पण तो म्हणायचा, "कमान पडू द्यायला हवी होती, असं कोणत्या तोंडाने सांगू?" स्वतः बांधलेल्या त्या दारातून तो कधीच आत आला नाही.

मुलीच्या पत्रानंतर तीन आठवड्यांत तो गेला. मी अंत्यविधीलाही मागेच उभा होतो.

गेल्या महिन्यात पाळकसाहेब म्हणाले, "चर्चला पन्नास वर्षं होताहेत. सुरुवातीचा इतिहास तुम्हीच लिहा." सहा वेळा लिहिला, सहा वेळा फाडला. कमानीपाशी आलो की हात थांबायचा. आधी गवंड्याच्या मुलीला कळायला हवं होतं. ती अजून त्याच पत्त्यावर राहते, एवढी खात्री करून घेतली.

"तुझ्या बाबांना मी बोलावलं होतं. बैठकीत मी गप्प बसलो. त्यांनी मला शेवटपर्यंत झाकलं."

क्षमा मागणारी ओळ लिहिली, पण फार सफाईदार वाटली, म्हणून खोडली. पाकीट मुद्दाम घेतलं नाही. साधं पोस्टकार्ड आहे, वाटेत कोणी वाचलं तर वाचू दे. आज सकाळी पेटीत टाकलं.