दारापुढचं झाड

कागदाच्या कडेचं एक गोल छिद्र, आणि त्यातून दिसणारा बागेचा हिरवा ठिपका... विजयमालानं कागद पुन्हा मांडीवर पसरला. काल नागपूरला विद्यापीठाच्या संगणकातून तो लांबच लांब निघाला होता, तेव्हापासून तिनं तो कितीदा उलगडला असेल.

काय दिलं होतं तिनं त्या यंत्राला? नुसते आकडे. रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव इथल्या संत्र्यांची पानं वाटायची, त्यांच्या रसातली विकरं विजेच्या जोरावर जेलच्या पातळ थरातून सरकवायची, कुठली पट्टी गडद, कुठली फिकी ते मोजायचं — झाडाच्या आत या घडीला कुठली जनुकं जागी आहेत, याची तेवढीच पुसट खूण. गाव सांगितलं नव्हतं. कुठलं झाड शेंड्याकडून वाळतंय तेही नाही. यंत्रानं सगळ्यांत सारखी दोन झाडं शोधून जोडली, मग त्यांना तिसरं, मग जोडीला जोडी — असं करत वंशावळीसारखी सगळी झाडं एका फांदीखाली आणली. मागाहून तिनं वाळणाऱ्या झाडांवर लाल पेन्सिल फिरवली आणि तिचा हात थबकला. गावं पार विस्कटली होती. पण लाल झाडं सगळी एका बाजूला, एका कुळातली असल्यासारखी... न सांगता.

त्या कुळात एकच झाड लाल नव्हतं. हे, दारापुढचं, तिच्या बाबांचं.

"काय पाहून राहिली वं एवढं?" पुंडलिकराव त्याच झाडाच्या आळ्यात पाणी सोडत होते.

"बाबा, याचा एखादा शेंडा सुकला का हो?"

"याचा? पाय त, कसा बहार आला. उद्या कलमं बांधणारा श्रावण येऊन राहिला. याचेच डोळे काढून कलमं भरतो. बाकीची गेली त जाऊ दे, याच्या भरोशावर सारी बाग पुन्हा उभी करतो."

सारी बाग... आई जायच्या आदल्या वर्षी सौंसरच्या बाजारात बांगड्या भरताना कशी हसत होती, दंड भरलेले, गाल तुकतुकीत — आणि डॉक्टर नंतर म्हणाले, तेव्हाच आत दुखणं सुरू झालं असेल. कुणाला दिसलं होतं?

"श्रावणभाऊले थांबवा थोडं."

"काऊन?"

"हे झाड वाळणाऱ्यांसोबत आलं, बाबा. कागदावर."

पुंडलिकरावांनी फावडं टेकवलं. "त्या मशीननं झाड पाहिलं काय?"

"नाही."

ते मान वर करून फांदीफांदी न्याहाळू लागले. विजयमाला उठली, खोडाला तळवा लावून उभी राहिली. ऊन लागून साल कोमट झाली होती. फुलांचा वास, माश्यांची गुणगुण... आणि याच्या आत, आवाज न करता, काहीतरी कधीच ठरून गेलं असेल? कागद खोटा निघावा असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. आणि खरा निघाला तर, कुणाला दिसायच्या आधी नुसत्या आकड्यांनी ते ओळखलं असेल — या विचारासरशी तिच्या अंगावर जो काटा आला, तो भीतीचा नव्हता, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.